वऱ्हाडच्या तीन राजधान्या आणि तुमची एक सुट्टी



तुमच्या मराठी मंडळाच्या चिटणीसबाईंनी मला विषय देताना सांगितलं, "सुट्टीत मुलांना घेऊन भारतात गेलं तर काय पाहावं, यावर बोला. पण सर, वऱ्हाडाबद्दल बोला." त्या स्वतः अकोल्याच्या. माझी सगळी नोकरी अमरावती जिल्ह्यात इतिहास शिकवण्यात गेली, म्हणजे मलाही दुसऱ्या कशावर बोलता आलं नसतं.

तुम्ही मंडळी सहलीला जाता तेव्हा तयारी पाहण्यासारखी असते. रोमला जायचं तर चार महिने आधी तिकिटं, कोणत्या दिवशी कोणतं संग्रहालय बंद असतं याची नोंद, आजी-आजोबांना चालायला किती लागेल याचा हिशोब. आणि वऱ्हाडात जाताना? काही नाही. घरचंच तर आहे! मग होतं असं की सकाळी काकांकडे पोहे, दुपारी मामांकडे रोडगे आणि वांग्याची भाजी, संध्याकाळी आत्या म्हणते, "माय वो, आमच्या घरी चहा नाही घेतला तं राग येईन हो मले." पंधरा दिवस असे ताटावरून ताटावर जातात. मध्येच कुणीतरी जाहीर करतं, "चला, एक दिवस चिखलदऱ्याले जाऊन येऊ." पंधरा माणसं दोन गाड्यांत बसतात, अकराला निघतात, एका पॉइंटवर कणीस, दुसऱ्यावर रबडी, तिसऱ्यावर फोटो, आणि अंधार पडायच्या आत परत. लंडनला परतलेल्या मुलाला विचारलं की काय पाहिलंस, तर त्याला आठवतो सोफा.

अचलपूरचं नाव काढलं तर आपलेच लोक म्हणतात, "अचलपूरले काय हाय पाह्यासारखं? पडके दरवाजे हायत, दुसरं काय?"

आज मला एवढंच सांगायचं आहे. वऱ्हाड ही राजधानीची सहल आहे, आणि तिचा बेत राजधानीच्या सहलीसारखाच आखला पाहिजे. शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या टापूत तीन काळांच्या तीन राजधान्या आहेत: पुराणातली कौंडण्यपूर, सुलतानी अमलातली अचलपूर आणि इंग्रजी अमलातली अमरावती. त्यांच्या आजूबाजूला किल्ले आहेत, वाघाचं जंगल आहे आणि मराठी गद्याचं जन्मगावही आहे.

आधी जायचं कधी ते ठरवू. तुमच्या शाळांना मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टात. तेव्हा चिखलदरा ढगांत बुडालेला असतो, धबधबे भरून वाहतात, आणि ज्यांना पाऊसच पाहायचा आहे त्यांनी जरूर जावं. पण पावसाळ्यात मेळघाटच्या गाभ्यातली सफारी बंद असते, किल्ल्याच्या वाटा निसरड्या होतात आणि धुक्यात दहा हातांवरचं दिसत नाही. एप्रिल-मे विचारूच नका, अकोल्याचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून माझं मत नाताळाच्या सुट्टीला. थंडी असते, शेतात कापसाची वेचणी चाललेली असते, बाजारात संत्री असतात, हुरड्याचे दिवस जवळ आलेले असतात. एकच सावधगिरी हवी. २५ डिसेंबर ते १ जानेवारी या आठवड्यात नागपूरपासून अकोल्यापर्यंतचं अर्धं वऱ्हाड चिखलदऱ्यावर चढतं. त्या आठवड्यात तुम्ही खाली सपाटीवर राहा आणि वर जायचं ते त्याच्या आधी किंवा नंतर.

नागपूरला विमानानं उतरलात तर अमरावतीच्या वाटेवर तिवशाच्या बाजूनं आत वळून कौंडण्यपूर करता येतं. वर्धा नदीच्या काठावरचं हे गाव म्हणजे रुक्मिणीचं माहेर. दमयंतीचा आणि अजाची राणी इंदुमती हिचाही संबंध परंपरा इथेच जोडते. पांढऱ्या मातीच्या टेकाडात पुरातत्त्व खात्यानं उत्खनन केलं तेव्हा फार जुन्या वस्तीचे थर निघाले. इथून दरवर्षी रुक्मिणीची पालखी पंढरपूरला निघते, आणि ती महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या पालख्यांत गणली जाते. इथे राजवाडा दिसणार नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. घाटावर बसा, नदी पाहा, रुक्मिणीहरणाची गोष्ट सांगा आणि पुढे निघा. याच हमरस्त्यावर मोझरीला तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम आहे, तिथे अर्धा तास थांबता येईल.

मुंबईला उतरणाऱ्यांसाठी रात्रीची अमरावती एक्स्प्रेस आहे, सकाळी थेट अमरावतीत सोडते. एप्रिल २०२५ पासून बेलोऱ्याच्या विमानतळावर मुंबईहून विमानही येऊ लागलं आहे. वेळापत्रक मात्र निघण्यापूर्वी पडताळून घ्या.

अमरावतीत एक दिवस द्या. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला आणि पुढे तो मध्य प्रांताला जोडला गेला, तेव्हा वऱ्हाडच्या आयुक्ताचं ठाणं अमरावतीला होतं. निजामाचा हक्क कागदावर शेवटपर्यंत राहिला. १९३६ च्या करारानंतर हैदराबादच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' अशी पदवी होती आणि ती मिरवणाऱ्याचं राज्य इथे कणभरही नव्हतं. अंबादेवी आणि एकवीरेचं दर्शन घ्या. जुन्या शहराच्या परकोटाचे दरवाजे पाहा. १८९७ च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचं अधिवेशन याच शहरात भरलं. टिळक तेव्हा तुरुंगात होते आणि अध्यक्ष होते सी. शंकरन नायर. जालियनवाला हत्याकांडावर लिहिलं म्हणून मायकेल ओड्वायरनं १९२४ मध्ये लंडनच्या कोर्टात ज्यांच्यावर खटला भरला, तेच हे नायर. तुमच्या मुलांनी त्यांच्यावरचा अलीकडचा चित्रपट पाहिला असेल, तर अमरावतीशी त्यांची ओळख तिथूनच करून देता येईल.

संध्याकाळी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाकडे वळा. ही संस्था १९१४ सालची. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं इथल्या पथकानं दाखवली. मल्लखांबावर सराव करणारी पोरं पाहिली की तुमची मुलं हातातला मोबाइल आपणहून खिशात ठेवतील. परतताना गिला वडा खा. तो अमरावतीचाच.

आता मुख्य मुद्दा. अमरावतीहून अचलपूर पन्नासेक किलोमीटर आहे, म्हणून लोक तिथे 'जाऊन येतात'. असं करू नका. मुक्काम परतवाड्याला हलवा. अचलपूर आणि परतवाडा ही जोडगावं आहेत, एक जुनी राजधानी आणि दुसरी फौजेची छावणी म्हणून वाढलेली बाजारपेठ. परतवाड्याची लॉज साधी आहेत, पण इथून अचलपूर, मुक्तागिरी, चिखलदरा आणि सेमाडोह या चारही दिशा हाताशी येतात. दोन रात्री इथे काढल्याशिवाय राजधानी पाहिली असं म्हणू नये.

अचलपूरचं नाव उत्तरेच्या स्वाऱ्यांत फार लवकर येतं. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून गेला तो अचलपूरवरूनच. बहमनी राज्याच्या चार तरफांपैकी वऱ्हाड ही एक. ते राज्य मोडकळीला आलं तेव्हा १४९० मध्ये वऱ्हाडचा सुभेदार फत्तेउल्ला इमादुलमुल्क स्वतंत्र झाला आणि इमादशाही सुरू झाली. हा फत्तेउल्ला मूळचा विजयनगरच्या मुलखातल्या ब्राह्मण घरातला मुलगा. लढाईत पकडला गेला, वऱ्हाडच्या सुभेदाराकडे वाढला, मुसलमान झाला आणि अखेरीस त्याच सुभ्याचा राजा झाला. १५७४ मध्ये निजामशाहीनं हे राज्य गिळलं आणि १५९६ मध्ये चांदबिबीला वऱ्हाड मोगलांना सोडावा लागला. पुढे हे शहर कधी मोगल सुभेदारांकडे, कधी निजामाच्या नवाबांकडे गेलं. इंग्रजी अमलात ते जिल्ह्याचं ठिकाण होतं, पण १९०५ मध्ये तो जिल्हाही अमरावतीत विलीन झाला. आज ते तालुक्याचं गाव आहे.

सकाळी लवकर, बाजार उघडायच्या आत, गावातून पायी फिरा. जुन्या परकोटाचे दरवाजे वाहतुकीच्या मधोमध उभे आहेत. त्यांच्या कमानींखालून सायकली, ऑटो आणि शाळेची पोरं जातात. दुल्हा रहमान शाहच्या दर्ग्यात सगळ्या धर्मांची माणसं दिसतील. मग गावाबाहेर हौज कटोऱ्याकडे जा. तलावाच्या मधोमध उभा असलेला हा अष्टकोनी, कमानीदार मजल्यांचा मनोरा. आजूबाजूला शेतं, गुरं आणि शांतता. इथे तिकीटखिडकी नाही, मार्गदर्शक नाही, माहितीचा फलक असलाच तर वाचता येईल याची खात्री नाही. मार्गदर्शक तुम्हालाच व्हावं लागेल. म्हणून म्हणतो, विमानात दोन सिनेमे कमी पाहा आणि इमादशाहीवर चार पानं वाचून ठेवा.

आगगाडीची आवड असलेली मुलं असतील तर अचलपूर स्टेशनवरही चक्कर मारा. मूर्तिजापूर ते अचलपूर ही 'शकुंतला' नावाच्या रेल्वेची एक शाखा, दुसरी मूर्तिजापूर ते यवतमाळ. वऱ्हाडचा कापूस मुख्य लोहमार्गापर्यंत आणण्यासाठी एका ब्रिटिश कंपनीनं हे अरुंद रूळ टाकले. मँचेस्टरमध्ये बांधलेलं वाफेचं इंजिन या मार्गावर १९९४ पर्यंत धावत होतं. गेली काही वर्षं गाडी बंद आहे. कापूस वऱ्हाडचा, गिरण्या लँकेशायरच्या आणि इंजिन मँचेस्टरचं, हे मुलांना तिथेच रुळांवर उभं राहून सांगा. शाळेत शिकलेल्या औद्योगिक क्रांतीचं दुसरं टोक त्यांना पायाखाली दिसेल.

परतवाड्याहून दुसऱ्या दिशेला मुक्तागिरी. सरकारी नकाशात ते मध्य प्रदेशच्या बैतूल जिल्ह्यात येतं, पण वाट आपल्याकडूनच. डोंगराच्या कुशीत बावन्न जैन मंदिरं, मधून पावसाळ्यात कोसळणारा धबधबा. पायऱ्या बऱ्याच आहेत, आजी-आजोबांना घाई करू नका.

आता गाविलगड. चिखलदऱ्याला गेलात आणि गाविलगड केला नाही, तर तुम्ही फक्त रबडी खाल्ली असं समजा. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटरवर. १८२३ मध्ये कॅप्टन रॉबिन्सननं ही जागा हेरली आणि इंग्रजांनी तिथे थंड हवेचं ठिकाण वसवलं. महाराष्ट्रात कॉफीचे मळे इथेच. कीचकाला भीमानं मारलं ती दरी, पाच वेळा प्रतिध्वनी देणारा पंचबोल पॉइंट, भीमकुंड, हे सगळं तुम्हाला कोणीही दाखवील. किल्ल्यासाठी मात्र अर्धा दिवस राखून ठेवा.

किल्ला बहमनी अहमदशहानं पंधराव्या शतकात बांधला आणि फत्तेउल्लानं तो दुरुस्त करून वाढवला. दरवाजाशी पोचलात की लगेच आत शिरू नका. थांबा आणि वर पाहा. दगडात एक दोन डोक्यांचा पक्षी कोरला आहे, गंडभेरुंड, आणि त्यानं हत्ती पकडले आहेत. शेजारी वाघासारखं श्वापद आहे, त्याच्याही पंजाखाली हत्ती. गंडभेरुंड हे दक्षिणेतलं, विजयनगरच्या परंपरेतलं चिन्ह. सातपुड्याच्या माथ्यावर एका मुसलमान सुलतानाच्या दरवाजावर ते कसं आलं, हा प्रश्न मुलांना विचारा. फत्तेउल्लाची गोष्ट आदल्या दिवशी अचलपुरात सांगितली असेल तर उत्तर त्यांचं तेच शोधतील. पकडून आणलेला तो मुलगा आपलं घर विसरला नव्हता, असं मला ते चित्र पाहताना नेहमी वाटतं. इतिहासकार एवढं ठामपणे म्हणणार नाहीत, पण मी आता निवृत्त झालो आहे.

याच किल्ल्याशी इंग्लंडचाही हिशोब आहे. हाइड पार्क कॉर्नरला वेलिंग्टन आर्चखालून तुम्ही कितीदा गेला असाल. तो वेलिंग्टन वॉटर्लूच्या बारा वर्षं आधी आपल्या वऱ्हाडात होता, साधा जनरल आर्थर वेलस्ली म्हणून. १८०३ च्या २९ नोव्हेंबरला त्यानं अडगावला नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजेला हरवलं. मग गाविलगड. कर्नल स्टीव्हन्सननं डोंगर-दऱ्यांतून तोफा ओढत नेऊन उत्तरेकडून तटाला भगदाड पाडलं. बाहेरचा किल्ला पडला तरी आतला पडेना. तेव्हा ९४ व्या पलटणीच्या कॅप्टन कॅम्बेलनं शिड्या लावून तट ओलांडला आणि आतून दरवाजा उघडला. १५ डिसेंबरला किल्ला गेला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. १७ डिसेंबरला देवगावच्या तहात भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडला. ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावला शिंद्यांनी सही केली. ही चारही ठिकाणं तुमच्या सहलीच्या वाटेवर किंवा वाटेलगत आहेत. बर्नार्ड कॉर्नवेलची 'शार्प्स फोर्ट्रेस' ही कादंबरी या वेढ्यावरच आहे. घरात पंधरा-सोळा वर्षांचा वाचणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर निघण्यापूर्वी ती हाती द्या. आणि तिथे गेल्यावर बेनीसिंगाची बाजू तुम्ही सांगा.

चिखलदऱ्याहून सेमाडोह-कोलकासला जंगलात एक रात्र. १९७३-७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाट होता. सिपना नदीच्या काठावर वनखात्याची निवासस्थानं आहेत. आरक्षण आधी करा आणि पासपोर्ट-ओसीआयच्या प्रती जवळ ठेवा. वाघ दिसेलच असं मुलांना कबूल करू नका. मेळघाट डोंगराळ आणि दाट आहे, ताडोबासारखा रस्त्यावर येऊन बसणारा वाघ इथे विरळा. अस्वलाच्या नखांचे ओरखडे, गव्यांचा कळप, सकाळी सागाच्या पानांवरचं दव, एवढं मिळालं तरी पैसे वसूल. हा कोरकूंचा मुलूख आहे. त्यांच्या गावांतून जाताना न विचारता फोटो काढू नका. आठवडी बाजार लागला तर उतरा, खरेदी करा, बोला. डॉ. रवींद्र आणि स्मिता कोल्हे या दांपत्यानं बैरागडला राहून ज्या भागात आयुष्यभर वैद्यकीय सेवा केली आणि २०१९ मध्ये ज्यांना पद्मश्री मिळाली, तो हाच भाग. मोठ्या मुलांना कुपोषणाबद्दल सांगायचं असेल तर तेही इथेच सांगा. त्यानं सहल बिघडत नाही.

आणखी एक जागा, जी या मंडळानं तरी चुकवू नये. अमरावतीहून अचलपूरला येताना सरळ न येता मोर्शीच्या बाजूनं रिद्धपूर करून चांदूर बाजारमार्गे या. गोविंदप्रभूंचं हे गाव, महानुभावांची काशी. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी तेराव्या शतकात इथे गोळा केल्या आणि 'लीळाचरित्र' तयार झालं. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ तो हा. आद्य कवयित्री महदंबेनं रुक्मिणीस्वयंवराचे धवळे गायले तेही याच गावात, म्हणजे कौंडण्यपूरच्या लेकीचं लग्न रिद्धपुरात मराठीत लागलं. आता राज्य सरकारनं मराठी भाषा विद्यापीठ रिद्धपूरलाच स्थापन केलं आहे. तुम्ही दर रविवारी मुलांना मराठी शाळेत आणून सोडता. त्या मुलांना हे गाव दाखवणं तुमचं कर्तव्य आहे.

अकोल्याकडच्या मंडळींनी रुसू नये. परतीची वाट तुमच्याकडूनच आहे. परतवाडा, अंजनगाव, अकोट, मग शहानूरहून नरनाळा. तिथला महाकाली दरवाजा १४८७ चा, फत्तेउल्लाच्याच काळचा. गाविलगडाचा दरवाजा दणकट, तर हा नाजूक: कमळं, सज्जे आणि अरबी अक्षरांची पट्टी. दोन्ही पाहिले की एका माणसाच्या दोन तऱ्हा कळतात. पुढे अकोल्याला मुक्काम, राजेश्वराचं दर्शन, असदगड, आणि दुसऱ्या दिवशी बाळापूरचा किल्ला व नदीकाठची मिर्झाराजे जयसिंगाची छत्री. शेगाव तिथून जवळच, आई-वडील ते सोडणार नाहीतच. लोणार मात्र या सहलीत कोंबू नका, त्याला वेगळे दोन दिवस लागतात.

नियम थोडेच. गाडी चालकासह भाड्यानं घ्या, लंडनच्या शिस्तीत वाढलेल्या माणसानं परतवाड्याच्या बाजारात स्टिअरिंग धरू नये. घाटात आणि जंगलात अंधार पडल्यावर प्रवास नको. दिवसाला एकच मोठं ठिकाण. आणि नातेवाइकांच्या बाबतीत एक युक्ती सांगतो: त्यांना टाळू नका, सोबत घ्या. काकांना एका रात्रीसाठी परतवाड्याला बोलवा, मामेभावंडांना गाविलगडावर न्या. जन्मभर अमरावतीत राहून अचलपूर न पाहिलेली माणसं तुमच्या घरात निघतील. जेवणं होतीलच, पण तारखा तुम्ही ठरवा आणि तिकीट काढल्या दिवशीच त्या घरच्यांना कळवा.

पर्यटक येतात तिथे रस्ते होतात, फलक लागतात, छपरं दुरुस्त होतात. हौज कटोऱ्याकडे वर्षभरात दहा कुटुंबं मुलांना घेऊन गेली आणि त्यांनी तिथली दुरवस्था पुरातत्त्व खात्याला लिहून कळवली, तर त्या दहा पत्रांना वजन येईल. मुंबईत किंवा दिल्लीत बसून कुणी ते करणार नाही. म्हणून माझी विनंती आहे: पुढच्या डिसेंबरची तिकिटं काढाल तेव्हा कागदावर पहिली ओळ 'अचलपूर, दोन रात्री' अशी लिहा आणि बाकीचं तिच्याभोवती बसवा. परत आल्यावर मंडळाच्या अंकात मुलांकडून त्यावर लिहून घ्या, मराठीत.